एकशे चार वेळा मेलेल्या एवारिस्तोची शेवटची इच्छा

मी, एवारिस्तो कोलासान्ती, वडिलांचं नाव जेसुआल्दो, जन्म वेरोली गावी मार्च १९३४, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा सिनेनट, दुय्यम भूमिका, राहणार रोम, क्वाद्रारो वस्ती, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आज माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्याच हातानं हे मृत्युपत्र लिहितो आहे. डोकं ठिकाणावर आहे. हात थरथरत नाही. घसा मात्र चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कापून नेला, पण मृत्युपत्र लिहायला घसा लागत नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. लिबेरो झानोत्ती समोर बसून नासपती सोलतोय आणि मधूनमधून कागदात डोकावतोय, त्याला दडपण म्हणता येणार नाही, चोंबडेपणा म्हणता येईल.

नोटरी पाल्मिएरीबाईंनी मला समजावून सांगितलं की सगळं स्वतःच्या अक्षरात लिहा, तारीख घाला, सही करा, साक्षीदारांची गरज नाही. मी पाटीवर लिहून दाखवलं : बाई, पडद्यावर मी एकशे चार वेळा मेलो, एकदाही प्रेक्षकांशिवाय मेलो नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, ‘‘बरं, घ्या दोन साक्षीदार. कायद्याचं काही बिघडत नाही.’’

यापूर्वी, एप्रिल २००३ मध्ये, मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात माझं सगळं मांजरांच्या आश्रमाला दिलं होतं. ते रागाच्या भरात लिहिलं होतं आणि आज ते मी रद्द करतो. मांजरांनी मोठ्या मनानं घ्यावं.

कलम पहिलं. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि उन्हाळ्यात तुळस जळून जाते ती गच्ची. हे घर मी आणि माझी बायको नीवेसनं १९६६ साली घेतलं. त्या वर्षी मी अकरा वेळा मेलो. दोनदा तलवारीनं, एकदा सिंहानं, बाकी सगळ्या वेळी गोळ्यांनी. नीवेस सिनेमाचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात होती. माझ्या सदऱ्यांना गोळीची भोकं तीच पाडायची आणि शूटिंग संपलं की तीच रफू करायची. पहिल्यांदा बोलली ती हेच : ‘‘कोलासान्ती, जरा बेतानं पडत जा हो. पाठीची शिवण दर वेळी उसवते, आणि बोलणी मी खाते.’’ त्यानंतर मी कायम बेतानं पडलो. दिग्दर्शक म्हणायचे, कोलासान्तीचं मरण फार नाजूक असतं. शिवणीपायी होतं ते.

हे घर संपूर्णपणे माझी मुलगी मार्झिया हिला. पाल्मिएरीबाई म्हणाल्या, अर्धं कायद्यानंच तिचं आहे, तुम्ही मनात आणलं तरी काढून घेता येणार नाही. उरलेलं अर्धं मी माझ्या मर्जीनं देतो, हे तिला वेगळं सांगावं. अट एकच. लिबेरो जिवंत आहे तोवर त्याला रोज सकाळी या घरात येऊन, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून, एक कप कॉफी मिळण्याचा हक्क राहील. बाई म्हणाल्या, असा हक्क कायद्यात कुठेच नाही. मी लिहिलं, मग कायद्याला त्याच्या घरी कॉफी देऊन बघू दे, रोज येईल हा.

कलम दुसरं. पोस्टातलं पुस्तक.

त्यात माझं क्रियाकर्म नीट होईल एवढं आहे, आणि वर थोडं. तेही मार्झियाला. तिनं ते शहाणपणानं खर्च करू नये. नीवेसला नेहमी समुद्राकाठच्या हॉटेलात आठ दिवस राहायचं होतं आणि आम्ही दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणत राहिलो.

कलम तिसरं. धंद्याचं सामान.

पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत सतरा मिशा आहेत (पैकी दोन झुरळांनी खाल्ल्या), पातं मुठीत मागे सरकतं तो सुरा, जमीनदाराला शोभतील असे बूट एक जोड, आणि रोमन शिपायाचं शिरस्त्राण. हे सगळं आमच्या चर्चच्या नाटकमंडळीला द्यावं. सोबत माझी रक्ताची कृतीही देतो, जी मी पन्नास वर्षं कोणाला सांगितली नाही : ग्लिसरीन, लाल रंग आणि काळ्या कॉफीचे तीन थेंब. ते तीन थेंब विसरलात तर रक्ताचा मुरंबा दिसतो. सुऱ्याची स्प्रिंग अडकते, तेव्हा कोणाला भोसकण्याआधी दोनदा तपासून बघा. माझ्या डाव्या बरगडीखाली जी खूण आहे ती सिनेमाची नाही, खरी आहे.

कलम चौथं. राग.

एक नायक होता. नाव लिहीत नाही, तोही गेला बिचारा. मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरत होतो, माझे शेवटचे दोन शब्द राहिले होते, आणि हा ओठ न हलवता म्हणाला, ‘‘मर ना लवकर, शेवया गार होताहेत माझ्या.’’ मी मुद्दाम आणखी मिनिटभर तडफडलो. दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्यानं ते सगळं ठेवलं. या नायकाला मी माफ करतो.

कोपऱ्यावरच्या बारचा मालक ग्वाल्तिएरो यानं माझी तसबीर तीस वर्षं संडासाच्या दाराशेजारी लावली आहे. येणारा जाणारा मला बघतो आणि घाईत असतो. ती तसबीर कॉफीच्या मशीनशेजारी हलवली तर शिरस्त्राण नाटकमंडळीला न देता ग्वाल्तिएरोला द्यावं. लहानपणापासून ग्वाल्तिएरोचा त्या शिरस्त्राणावर डोळा आहे. न हलवल्यास काही देऊ नये.

जिच्यावर माझा सगळ्यात मोठा राग होता ती गोष्ट म्हणजे लिबेरो. तिला वेगळं कलम लागेल.

कलम पाचवं. लिबेरो झानोत्ती.

मार्झियाला हे माहीत आहे, पण नोटरीबाईंना नव्हतं, म्हणून लिहितो. आमच्याकडे सिनेमा असा बनायचा : आधी चित्र घ्यायचं, मग बंद खोलीत त्यावर आवाज चढवायचा. तोंड एकाचं, आवाज दुसऱ्याचा. मोठमोठ्या नायकांचंही असंच असे, मग माझ्यासारख्याला कोण विचारतो? माझा आवाज बारीक, नाकातून येणारा, आणि प्रत्येक शब्दाला वेरोलीच्या शेतातली माती लागलेली. चेहरा मात्र दरोडेखोराचा. तेव्हा चेहरा ठेवला आणि आवाज काढून टाकला. गावठी सिनेमा विलायती वाटावा म्हणून श्रेयनामावलीत नावही बदललं : फ्रँक कोल्बी. नाव अमेरिकन, आवाज लिबेरोचा, माझं म्हणून काय ते मरण.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. १९६१ साली मला पहिल्यांदा बोलायला मिळालं, तीन वाक्यं. आई, मामा, शेजारपाजारचे असे आम्ही एकोणीसजण बसनं फ्रोसिनोनेला सिनेमा बघायला गेलो. मी पडद्यावर आलो, टाळ्या पडल्या. मी तोंड उघडलं आणि आतून एक भरदार, घुमणारा, उत्तरेकडच्या बड्या घरचा आवाज निघाला. आई सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘‘एवारिस्तो, सर्दी झालीय का रे तुला?’’ लोक हसून लोळले. परतीच्या बसमध्ये मामा दर थांब्याला मला म्हणायचा, ‘‘बोल की साहेबासारखं!’’ मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या आवाजवाल्याला बदडायला स्टुडिओबाहेर उभा राहिलो. बैलाएवढा गडी येईल अशी माझी समजूत. बाहेर आला तो माझ्या खांद्याला लागणारा, जाड भिंगाचा चष्मा लावलेला काडीपैलवान. मी विचारलं, झानोत्ती कोण? हा म्हणाला, ‘‘मीच,’’ आणि तोच आवाज त्या चिमणीएवढ्या छातीतून निघाला. माझ्या हातात कॉफीचा कप होता. तो मी त्याच्या सदऱ्यावर रिकामा केला. त्यानं रुमालानं सदरा टिपला आणि म्हणाला, ‘‘कोलासान्तीसाहेब, तुमच्या ओठांवर बोलायला मला आवडतं. तुम्ही खोटं तोंड हलवत नाही.’’ मी थुंकलो आणि निघून गेलो. पुढची सत्तेचाळीस वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र माझ्या तोंडून बोलत राहिला.

मग २००८ चा नोव्हेंबर. घशात गाठ, ऑपरेशन, स्वरयंत्र काढलं. शुद्धीवर आलो तर पलंगाशेजारी हाच बसलेला, मांडीवर टोपी. ग्वाल्तिएरोकडून कळलं म्हणे. नर्स आली आणि रुग्णाचं नाव विचारलं. मी तोंड उघडलं, वारा निघाला. तेव्हा लिबेरो म्हणाला, ‘‘कोलासान्ती. एवारिस्तो.’’ शेजारच्या खाटेवरचा म्हातारा ताडकन उठून बसला. ‘‘अरे, हा तर तो! सिनेमात मरतो तो!’’ पन्नास वर्षांत मला रस्त्यात कोणी ओळखलं नव्हतं. मी हसलो, टाके दुखले, आणि मग मला रडू आलं ते थांबेना. लिबेरो दुसरीकडे बघत बसला. भला माणूस आहे तो.

तेव्हापासून माझं बोलणं तोच करतो. डॉक्टरांनी गळ्याला लावायचं एक गुणगुणणारं यंत्र दिलं होतं. ते मी एकदाच वापरलं, पावाच्या दुकानात, आणि एक बाई देवाचं नाव घेत बाहेर पळाली. ते डब्यात गेलं. बाजारात मी चार बोटं दाखवतो, म्हणजे चार आर्टिचोक. हा माझ्या वतीनं म्हणतो, ‘‘बाईसाहेब, चार द्या, पण तुमच्यासारखे टवटवीत हवेत.’’ मी त्याला कोपरखळी मारतो, हा म्हणतो, ‘‘साहेब लाजतात.’’ भाजीवाली आता मला बघून डोक्यावरचा रुमाल सारखा करते. पोस्टात, बँकेत, डॉक्टरकडे, सगळीकडे त्यानं माझी वाक्यं वाढवली आहेत. मूळ संवादात नसलेलं घालायची त्याची जुनी खोड आहे.

लिबेरोला मी माझा काळा ओव्हरकोट देतो. त्याला तो घोट्यापर्यंत येईल. नीवेसनं शिवलाय, कापू नये, दुमडून घ्यावा. आणि माझ्या मागे कोणी माझ्याविषयी वाईट बोललं तर माझ्या वतीनं शिव्या देण्याचा अधिकार मी त्याला देतो. त्यात त्यानं हवी तेवढी भर घालावी.

कलम सहावं. मार्झिया.

हे कलम मी काल तीनदा सुरू केलं आणि तीनदा उठून भांडी घासली. आज भांडी नाहीत.

मार्झिया पाच वर्षांची असताना नीवेस तिला रविवारी दुपारी माझा सिनेमा बघायला घेऊन गेली. मी पडद्यावर बोललो तशी ही खुर्चीवर उभी राहिली आणि किंचाळली, ‘‘हे माझे बाबा नाहीत! माझे बाबा असे नाही बोलत!’’ नीवेस तिचा फ्रॉक ओढतेय, मागचे लोक हाऽहू करताहेत, आणि ही रडून रडून तेच सांगतेय. त्या थिएटरात तीनशे माणसं असतील. माझा आवाज माहीत असलेली ती एकटी.

फेब्रुवारी २००३ मध्ये नीवेस गेली. चर्चमधून शवपेटी बाहेर आली तेव्हा तिच्या कारखान्यातल्या बायका, विजेवाले, घोडेवाले, उड्या मारणारे, सगळे जुने लोक पायऱ्यांवर उभे होते आणि आमच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी टाळ्या वाजवल्या. आता माझं ऐका. माझ्यासारख्या नटाला प्रेक्षकांच्या टाळ्या कधी मिळत नाहीत. आम्हाला टाळ्या मिळतात त्या फक्त सेटवर. मरण चांगलं वठलं, दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला, की कामगार टाळ्या वाजवतात. मग आम्ही धूळ झटकून उठतो, छातीवर हात ठेवतो आणि वाकतो. चाळीस वर्षं मी हे केलं होतं. त्या दिवशी पायऱ्यांवर टाळ्या पडल्या, मला पुढचं काही दिसत नव्हतं, आणि माझा हात आपोआप छातीवर गेला. मी वाकलो. बायकोच्या शवपेटीमागे उभं राहून मी टाळ्या घेतल्या.

मार्झियानं ते बघितलं. माझ्या जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘पुरे झालं नाटक, बाबा. टाळ्या आईसाठी आहेत.’’

मला तिथेच पाय धरायला हवे होते. मी काय म्हणालो? ‘‘तुझ्या आईला कळलं असतं. तुला कळायची अक्कल नाही.’’ ती म्हणाली, ‘‘तुमचं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, ते मला आता बघायचंच नाही.’’ आणि ती तोरिनोला, तिच्या घरी, निघून गेली. याला नऊ वर्षं आणि आठ महिने झाले. मी सात पत्रं लिहिली आणि सातही फाडली. वाचून बघितली की प्रत्येकात फ्रँक कोल्बी बोलत होता. आणि खरं सांगायचं तर ताठा होता, दुसरं काय.

पण हे मृत्युपत्र त्या भांडणासाठी नाही. यापुढचं आहे त्यासाठी आहे.

१ जानेवारी २००९ ला, जेवणाच्या वेळी, फोन वाजला. मला घरी येऊन सहा आठवडे झाले होते. लिबेरो खाली पाव आणायला गेला होता. मी फोन उचलला. ‘‘बाबा?’’ जवळजवळ सहा वर्षांनी. ‘‘बाबा, मी मार्झिया. नवं वर्ष सुखाचं जावो.’’ मी तोंड उघडलं. नुसता श्वास गेला. ती थांबली. मी टेबलावर मूठ आपटली, ग्लास वाजवला, काय करू ते सुचेना. त्या बिचारीला काय ऐकू गेलं असेल? बाप फोनवर धापा टाकतोय आणि वस्तू आपटतोय. ती म्हणाली, ‘‘अजून राग गेला नाही का तुमचा? बरं. राहू दे.’’ आणि फोन ठेवला.

मार्झिया, मी गप्प बसलो नव्हतो. मला बोलता येत नव्हतं. एवढंच मला तुला सांगायचं आहे आणि एवढं सांगायला मला जवळजवळ चार वर्षं लागली. तुला कोणी कळवू नये म्हणून मी सगळ्यांना शपथ घातली होती. घसा गेला म्हणून मुलगी दयेनं परत आली, असं मला नको होतं. मूर्खपणा केला. गाढव जास्त शहाणं असतं.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की गाठ परत आली आहे, या वेळी कापायला काही उरलेलं नाही. तेव्हा मी पहिल्यांदा लिबेरोला पाटीवर तो फोन लिहून सांगितला. पाटी पाच वेळा भरली आणि पुसली. वाचून तो म्हणाला, ‘‘मी करू फोन? तुझ्या आवाजात?’’ मी लिहिलं : तो आवाज माझा नाही हे तिला पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

लिबेरो उठला. टोपी घातली आणि गेला. तासाभरानं बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आला. डब्यात एक कॅसेट होती.

आता हे नीट समजून घे. शूटिंगच्या वेळी एक कच्चा आवाज धरून ठेवतात, आवाज देणाऱ्याला आमच्या ओठांचा अंदाज यावा म्हणून. काम झालं की तो फेकून देतात. म्हणजे माझ्या सगळ्या सिनेमांत मी माझ्या आवाजात काय बोललो ते जगात एकट्या लिबेरोनं ऐकलं होतं, कानाला यंत्र लावून, बंद खोलीत. बाकी सगळं कचऱ्यात गेलं. एक तुकडा त्यानं १९७० साली खिशात घालून आणला आणि पुढे कॅसेटवर उतरवून घेतला. मी विचारलं, का? म्हणाला, ‘‘त्या दोन ओळी मी सोळा वेळा बोललो, तुझ्यासारख्या जमल्या नाहीत. आणि शेवटी जे आहे ते फेकवेना.’’ मग इतकी वर्षं मला का नाही दिलंस रे? ‘‘तू कॉफी ओतशील म्हणून.’’

आम्ही ग्वाल्तिएरोकडून कॅसेटचं यंत्र आणलं आणि ऐकलं.

मार्झिया, तू सहा वर्षांची होतीस. नीवेसला त्या दिवशी तुला ठेवायला कोणी मिळालं नाही म्हणून तुला शूटिंगवर आणलं होतं, शहराबाहेर, दगडाच्या खाणीत. तुला आठवतं का, मला माहीत नाही. कॅसेटवर आधी वारा आहे, घोड्याचं फुरफुरणं आहे. मग माझ्या त्या दोन ओळी, बारीक, नाकातून, वेरोलीच्या. मग गोळीचा बार. मी पडतो ते ऐकू येतं. मग लहान पावलं, दगडांवरून पळत येणारी, आणि तू. ‘‘बाबा! बाबा, उठा ना! बाबा!’’ मागे दिग्दर्शक बोंबलतोय, फिल्म वाया गेली, ही पोर कोणाची? आणि मी, मेलेला, डोळे उघडून तुला म्हणतोय :

‘‘अगं वेडाबाई, मेलो नाही मी. हे बघ, हे रक्त कॉफीचं आहे, वास घे. बाबा खोटं खोटं मरतो. खरं मरायचं असेल ना, तेव्हा सगळ्यात आधी तुला सांगेन. कबूल?’’

आणि तू हुंदके देत म्हणतेस, ‘‘कबूल.’’ तिथे टेप संपते.

खरं कुठलं आणि खोटं कुठलं, असं तू म्हणाली होतीस. हे खरं आहे. ही कॅसेट, डबा आणि बिस्किटांच्या चुऱ्यासकट, मी तुला देतो. माझ्याकडे माझं म्हणून एवढंच होतं, आणि तेही एका दुसऱ्याच माणसानं सांभाळलं.

कलम सातवं. दफन.

नीवेसशेजारी, प्रीमा पोर्ताच्या दफनभूमीत. दगडावर एवारिस्तो कोलासान्ती लिहावं, फ्रँक कोल्बीला तिथे जागा नाही. चर्चबाहेर टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवा. या वेळी मी वाकणार नाही याची खात्री बाळगा.

कलम आठवं, आणि शेवटचं.

पाल्मिएरीबाई म्हणाल्या, हा कागद माझ्याकडे तिजोरीत ठेवा, तुम्ही गेल्यावर मी वारसांना बोलावून उघडते, तशीच रीत आहे. मी त्यांचे आभार मानले आणि नाही म्हटलं. मेल्यावर कळवलं तर मी शब्द मोडल्यासारखं होईल. म्हणून माझी सूचना अशी : लिबेरो झानोत्ती, वय एक्याऐंशी, गुडघे त्याहून जुने, यानं उद्या सकाळच्या गाडीनं हा मूळ कागद आणि ती कॅसेट घेऊन तोरिनोला जावं, मार्झियाच्या दारात उभं राहावं, आणि काहीही बोलू नये. एक शब्दही नाही. कागद तिच्या हातात द्यावा. तिनं दार लावून घेतलं तर कागद दाराखालून सरकवावा आणि परत यावं, मी रागावणार नाही.

मार्झिया, मी कबूल केलं होतं. सगळ्यात आधी तुला सांगतो आहे.

आज ९ ऑक्टोबर २०१२, मंगळवार. स्थळ : रोम, क्वाद्रारो, स्वयंपाकघर. वरचा सगळा मजकूर माझ्या अक्षरात आहे, आणि तो मी वाचून, दोन ठिकाणी डोळे पुसून, कायम केला आहे.

सही : एवारिस्तो कोलासान्ती

साक्षीदार पहिला : लिबेरो झानोत्ती. माझ्यासमोर लिहिलं. संवाद मी वाढवतो हा आरोप मला मान्य नाही. बोलू नये ही अट कठीण आहे, पण पाळीन.

साक्षीदार दुसरा : ग्वाल्तिएरो रोसिच्चोने, बारमालक. तसबीर आज दुपारी मशीनशेजारी हलवली. शिरस्त्राण लक्षात ठेवावं.

(समासात, निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात)

तोरिनो, १० ऑक्टोबर. वारसानं इथे सही करायची नसते, मला माहीत आहे. कागद दोनदा वाचला, टेप पाच वेळा ऐकली. झानोत्तीकाका अजून एक शब्द बोललेले नाहीत, नुसते रडताहेत आणि माझी कॉफी पिताहेत. आम्ही दोघं दुपारच्या गाडीनं निघतो आहोत. हा कागद मी आत्ता पाल्मिएरीबाईंना फॅक्स करते, त्या तो आमच्या आधी तुमच्याकडे पोचवतील. बाबा, मी येतेय. तोवर खोटं खोटंसुद्धा मरायचं नाही. कबूल?

मार्झिया